तुझी टाचणी, माझा चतुर

नाहूर, ९ जुलै २०२४

प्रबुद्ध,

जय भीम.

अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवू नकोस. फोन तू उचलत नाहीस, ई-मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून पोस्टाने पाठवते आहे. तुझ्या बेटावर बोटीतून येईल, भिजून येईल, पण येईल. भांडायला लिहीत नाहीये. चार वर्षांत जे बोलले नाही, ते आता कागदावर काढणार नाही. काम आहे.

परवा अनिरुद्धचा फोन आला. आपला अन्या, कॉलेजात तुझ्या बेंचवर बसायचा तो. हल्ली अंधेरीच्या एका कंपनीत आहे. कुठे धरण, रस्ता, जेटी बांधायची असली की तिथल्या झाडाप्राण्यांचं काय होईल, याचे अहवाल ही कंपनी लिहून देते. म्हणाला, “घाटकोपर मेट्रोच्या खाली ये, समोरासमोर बोलायचंय.” कॉलेज सुटल्यावर गेले. बॅगेतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला अहवाल काढून त्याने माझ्या हातात दिला.

“तुझ्या भावाच्या ओढ्याची वाट लागणार आहे,” म्हणाला.

तुला कदाचित माहीत असेल. ओढ्यावर बंधारा येतोय, नव्या हॉटेलांना पाणी द्यायला. अहवालात कीटकांवर एकच परिच्छेद आहे आणि त्याला आधार आपल्या शोधनिबंधाचा दिलाय. हो, आपल्या. तुझं-माझं नाव खाली छापलंय. वाक्य असं आहे : ‘या गटातील कीटक उत्तम उडणारे असून जगभर आढळतात. पाणी अडवल्यास ते अन्य पाणवठ्यावर जातील.’

लोक धक्के मारून जात होते आणि मी मेट्रोच्या जिन्याखाली उभी राहून ते पुन्हा पुन्हा वाचत होते. वाक्य माझंच आहे रे. पण माझ्या चतुराबद्दल आहे! तो पिवळा, ज्याला लहानपणी आपण हेलिकॉप्टर म्हणायचो. तो वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतो, पावसाच्या डबक्यात अंडी घालतो आणि डबकं आटायच्या आत त्याची पिल्लं उडून जातात. मुलुंडचा धरला काय आणि आफ्रिकेतला धरला काय, काही वेगळं सापडत नाही. त्याला कुणी एक ओढा अडवला तर काय फरक पडतो? पण त्याच पानावर खाली तुझा परिच्छेद होता. तुझी टाचणी म्हणजे चतुराचीच बारीक चुलत बहीण, एवढीशी, ओढ्यावरची सावली सोडून उन्हात येत नाही, टेकडीपलीकडच्या ओढ्यावर जात नाही, आणि जगात फक्त त्या एका ओढ्यावर सापडली आहे. आपण तुलना केली ती हा फरक दाखवायला. त्यांनी वरचा भाग घेतला आणि खालचा कापला.

“अन्या, हे तू लिहिलंस?”

“मी दोन्ही लिहिलं होतं गं. वरच्यांनी खालचं उडवलं. माझं नाव कुठे घेऊ नकोस यार, नोकरी आहे.”

“मग मला कशाला दाखवतोस?”

त्याने हेल्मेट घातलं आणि गेला.

हरकती सप्टेंबरअखेरपर्यंत घेणार आहेत. मी माझी लिहीनच. पण समिती पहिला प्रश्न विचारणार, ही टाचणी अजून तिथे आहे का? छापलेली शेवटची नोंद आपल्या निबंधातली. त्यानंतरचं सगळं तुझ्याकडे असणार. पाठव. मला पाठवायचं नसेल तर थेट समितीला पाठव.

आई बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन ठरतंय.

ताई


नाहूर, २ ऑगस्ट

प्रबुद्ध,

जय भीम.

उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं धरून पहिल्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

काल लिहायला बसले तर आईने विचारलं, “कुणाला लिहितीस गं?”

“बँकेला.”

“बँकेला जय भीम घालतीस व्हय?”

लिहिताना मी पुटपुटते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग सांगावं लागलं. बंधारा, अहवाल, सगळं. ती म्हणाली, “तुमचे किडे सगळे हेलिकॉप्टरच ना? मग भानगड कसली?” मी दोन्ही हात पसरून दाखवले. चतुर असा बसतो, पंख उघडे ठेवून, जसा काही आता निघालाच. आणि टाचणी पंख मिटून पाठीवर घेते, बारीक, टाचणीसारखीच. आईला आता जवळचंही धुरकट दिसतं. तिने माझे हात चाचपून पाहिले. मग म्हणाली, “तू जगभर फिरणाऱ्या किड्याच्या मागं लागलीस आन् नाहूरच्या भाईर पडली न्हाईस. त्यानं घरकोंबडी धरली आन् समुद्रापार गेला. उलटंच झालं की तुमचं.”

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी ती तुझ्याबद्दल बोलली होती. मग तीच म्हणाली, “मीच त्याला म्हनलं होतं, जा तिथंच.”

पप्पा गेले तेव्हा, जलदान विधीच्या दिवशी तू पोचलास तेव्हा माणसं जेवून उठत होती. बोट चुकली होती, हे तू सांगत होतास आणि ऐकून घेण्याच्या स्थितीत घरात कुणीच नव्हतं. आई रागाने बोलली. तीन दिवस रडलेली बाई काय बोलेल? तू ते धरून बसलास. मीही त्यानंतर तुला फोन केला तो फक्त पप्पांच्या कागदांवरच्या सह्यांसाठी केला. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. राहू दे.

टाचणीच्या नोंदी पाठव.

ताई


नाहूर, २५ ऑगस्ट

प्रबुद्ध,

काल दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी चौदावीच्या पोरांचे पेपर तपासत होते. पलीकडे बाईचा आवाज, हिंदीत : “आप संघमित्रा दीदी हैं? मैं प्रियंका. प्रबुद्ध की पत्नी.”

मी “राँग नंबर” म्हणणार होते.

तिने सगळं सांगितलं. जूनमध्ये तू ओढ्यात पडलेल्या झाडावरून घसरलास, पाय मोडला, पोर्ट ब्लेअरला रॉड घातला, तेव्हापासून घरात पडून आहेस. शाळेतून रजा आहे. माझी दोन्ही पत्रं पोचली. “पढ़ते हैं, फिर मोड़कर रख देते हैं,” म्हणाली. तुला न विचारता तिने फोन केला होता. बोलताना मागे एक लहान मूल काहीतरी मागत होतं. मी विचारलं, कोण आहे? ती म्हणाली, प्रांजल. पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल.

प्रबुद्ध, तुझं लग्न झालं. तुला मुलगी आहे. आणि आईच्या डोळ्यात औषध घालताना मी रोज विचार करत होते की तू तिकडे एकटा काय खात असशील.

आईला सांगितलं. ऑपरेशन होऊन आठवडाच झालाय, रडायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. ती पदर डोळ्यावर न नेता तशीच बसली आणि पाणी गळू दिलं. मग म्हणाली, “तू जा.”

“कॉलेज आहे, तुझे डोळे आहेत.”

“शेजारची शकु हाय की. मला थेंब घालंल ती. तू जा आन् बघून ये.”

गणपतीनंतर येते. हरकतीची मुदतही तोवर आहे. तुझा पाय धड नसेल तर ओढ्यावर मी जाते आणि टाचणी बघून नोंद करते. तू सांग कुठे बघायचं. एवढं तरी सांग.

ताई


नाहूर, ६ ऑक्टोबर

प्रबुद्ध,

जय भीम. सुखरूप पोचले. चेन्नईला विमान उशिरा सुटलं, बाकी काही त्रास नाही.

आईला सगळं सविस्तर सांगितलं. प्रांजल तुझ्यासारखी भुवया उडवते, हे तीनदा सांगावं लागलं. प्रियंकाने दिलेले सुके मासे शकुला अर्धे दिले. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी तू एका दिवसात संपवलीस हे ऐकून ती खूश आहे, आता पुन्हा कुटायला बसली आहे.

तुझ्याकडे असताना आपण नीट बोललोच नाही. तू खाटेवर, मी दारात, प्रियंका मध्ये. पहिले दोन दिवस तू छताकडे बघत होतास. मी ओढ्यावर जायला निघाले तेव्हा म्हणालास, “पाऊस आहे ताई, नको जाऊस, काही दिसणार नाही.” मला वाटलं, माझी काळजी करतोयस.

मग त्या शेवटच्या संध्याकाळी मी परत आले आणि म्हणाले, दोन दिसल्या, नेच्याच्या पानाखाली, एक नर आणि एक मादी. तू उठून बसलास. दुखऱ्या पायासकट. “नक्की?” म्हणालास. मी म्हणाले, नक्की. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि तुझे खांदे हलत होते. प्रियंका माझ्याकडे बघत होती. प्रांजल तुझ्या पाठीवर चढून बसली. चार वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

हरकत वेळेत पोचली, पोच मिळाली. सुनावणी नोव्हेंबरच्या मध्यावर आहे, ऑनलाइन. तुझा पाय लवकर बरा होवो.

ताई


नाहूर, २८ ऑक्टोबर

प्रबुद्ध,

तुझं निवेदन गेल्या आठवड्यात आलं. पहिल्यांदाच माझ्या नावाने तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं. आईने ते हातात धरून बघितलं, आता तिला अक्षर दिसतं. वाचून दाखव म्हणाली. मी म्हणाले, ऑफिसचं आहे.

निवेदन फार चांगलं झालंय. चतुर आणि टाचणी यांतला फरक इतक्या सोप्या भाषेत आपण निबंधातही लिहिला नव्हता. शेवटी तू लिहिलंस : ‘सप्टेंबर २०२४मध्ये डॉ. संघमित्रा यांनी या ओढ्यावर एक नर व एक मादी प्रत्यक्ष पाहिली.’ आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलीस.

मी सही करणार नाही.

मी टाचणी पाहिली नाही रे. एकही नाही. रोज गेले. प्रियंकाला विचार, मी गुडघाभर पाण्यात उभी राहून प्रत्येक पान उलटून बघत होते. तू सांगितलेल्या तिन्ही जागा बघितल्या. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात पडलेली ती मोठी झाडं अजून ओढ्यात आडवी आहेत, वरचं छप्परच गेलंय, पाऊस थांबला की सरळ पाण्यावर ऊन येतं. आणि त्या उन्हात काय होतं माहितेय? माझे चतुर. पिवळे, बरेच, नेहमीसारखे फिरत. तुझ्या टाचणीची सावली गेली तिथे ते आले होते. मला मुलुंडला त्यांना बघून कधी राग आला नव्हता. तिथे आला. हातातली जाळी मी त्यांच्यावर मारली. प्रियंका म्हणाली, दीदी, इन्होंने क्या किया?

परत येताना ठरवलं होतं, सांगायचं, दिसली नाही. तू दाराकडे तोंड करून पडला होतास. पाय उशीवर. मी चिखलाने भरलेली. तू काही विचारलंस पण नाहीस, नुसतं बघितलंस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दोन दिसल्या. नर आणि मादी हे तर मी पुढे जोडलं, खरं वाटावं म्हणून.

मला वाटलं हे आपल्या दोघांत राहील. आजारी माणसाला सांगितलेली गोष्ट. तू ती निवेदनात घालशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. म्हणजे बघ, आयुष्यभर पोरांना सांगत आले की पाहिलं तेवढंच लिहा.

सही केली तर बंधारा कदाचित थांबेल. हे मला कळतं. आठ दिवस झोप नाही, कारण हेच कळतं. आई म्हणते वजन उतरलंय. पण समितीने उद्या कुणाला ओढ्यावर पाठवलं आणि त्याला काही सापडलं नाही, तर आपला आधीचा शब्दही खोटा ठरेल, आणि तुझी सगळी वर्षं त्यात जातील. आणि तसं झालं नाही तरी मी ती सही करू शकत नाही.

ते वाक्य काढून निवेदन पाठव. नाहीतर मी सुनावणीत सांगेन की ते चूक आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिते आहे. फोनवर बोलायची हिंमत झाली नाही.

ताई


नाहूर, १९ नोव्हेंबर

प्रबुद्ध,

तू ते वाक्य काढलंस. सुनावणीत कळलं. एक शब्द न बोलता काढलंस आणि स्वतः हजरही राहिला नाहीस. प्रियंकाचा फोनही लागत नाही. म्हणून काय झालं ते मीच सांगते, तुला ऐकायचं असो वा नसो.

स्टाफरूममध्ये दार लावून बसले होते. स्क्रीनवर समितीची माणसं, कंपनीकडून तीन जण, त्यात अन्या. त्याने कॅमेरा बंद ठेवला होता, नुसतं नाव दिसत होतं. मला पाच मिनिटं दिली. मी दोन्ही किडे समजावून सांगितले. एक जगभर एकच आहे, एक त्या ओढ्यापुरतीच. एकावरून दुसऱ्याचं काही ठरवता येत नाही, हेच निबंधात लिहिलं होतं, आणि अहवालात त्यातला सोयीचा भाग घेतलाय. एक वयस्कर गृहस्थ होते, ते मन लावून ऐकत होते. मान हलवत होते. मला आशा वाटली.

मग अध्यक्षांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही सप्टेंबरमध्ये स्वतः गेला होतात?”

“हो.”

“टाचणी पाहिलीत?”

मी म्हणाले, पावसाचा जोर होता, अशा दिवसांत त्या झुडपात दडून बसतात, एका भेटीवरून नाही असं म्हणता येत नाही, उन्हाळ्याअखेरपर्यंत शोध घ्यायला वेळ द्या, आमच्या खर्चाने घेतो.

“ते ठीक आहे. पाहिलीत की नाही?”

“नाही.”

“धन्यवाद,” म्हणाले.

काल निकाल आला. परवानगी दिली आहे. अट अशी की बांधकाम करताना ‘सदर कीटक आढळल्यास’ त्यांना जवळच्या दुसऱ्या ओढ्यावर हलवावं. वाचून मला रडूही आलं नाही. ज्या टाचणीला टेकडी ओलांडता येत नाही, तिला कंत्राटदाराची माणसं डब्यातून नेणार.

अन्याचा मेसेज आला : ‘तू हो म्हणाली असतीस तर मी गप्प बसलो असतो.’ मग घाटकोपरला उतरून उगाचच चालत सुटले, पंतनगरपर्यंत. फुटपाथवर एक बाई बोंबील विकायला बसली होती. तिने विचारलं, “काय देऊ बाय?” आणि मला काही सुचेना, मी तिथेच उभी. तिने स्वतःच पाव किलो बांधून दिले.

तुला मी महिनाभर आशा दिली आणि काढून घेतली. त्याच संध्याकाळी खरं बोलले असते तर हे झालं नसतं. बंधारा मात्र तरीही झाला असता. हे रोज स्वतःला सांगते. त्याने काही होत नाही.

आई विचारते, प्रबुद्ध का फोन करत नाही. मी सांगते, नेटवर्क नाही.

ताई


नाहूर, ८ डिसेंबर

प्रबुद्ध,

कालच फोनवर बोललो आणि आज पत्र, हसशील. पण फोनवर मी नुसती ऐकत होते. बोलायचं ते राहिलं.

फोन वाजला तेव्हा स्क्रीनवर तुझं नाव. मला वाटलं प्रियंका असेल. तू म्हणालास, “ताई, मी बोलतोय.” मागे समुद्राचा आवाज येत होता की खराब लाइनचा, कळेना.

मग म्हणालास, “मी पण दोन वर्षं बघितली नाहीये.”

मला पहिल्यांदा समजलंच नाही. काय बघितली नाही? आई पलीकडून हाताने विचारत होती, कोण, कोण? मी तिला गप्प केलं.

तू सगळं एका दमात सांगितलंस. वादळानंतरच्या पावसाळ्यात एकच दिसली होती. त्याच्या पुढच्या वर्षी नाही. यंदा नाही. तू रोज शाळा सुटल्यावर ओढ्यावर जायचास आणि घरी येऊन प्रियंकालाही सांगायचा नाहीस. जूनमध्ये पडलास तो तिलाच शोधताना. माझं पत्र आलं, नोंदी पाठव म्हणून, आणि तुझ्याकडे पाठवायला काही नव्हतं. “काय लिहू ताई? जिच्यासाठी घर सोडलं ती नाही, हे लिहू?” म्हणून ती घडी घालून ठेवलेली पत्रं. म्हणून ‘पाऊस आहे, नको जाऊस.’

आणि मग मी येऊन म्हणाले, दोन दिसल्या.

“मला वाटलं मीच आंधळा झालोय,” म्हणालास. “ताई खोटं बोलत नाही. म्हणजे ती आहे, मलाच दिसत नव्हती. इतका आनंद झाला. पुढचा महिना मी तेच धरून काढला.” मग माझं ऑक्टोबरचं पत्र तू वाचलंस आणि कुबड्या घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडलास, जेटीवर जाऊन बसलास. दिवसभर. प्रियंका प्रांजलला घेऊन शोधत आली. आता जेटीजवळ खडीचे ढीग पडायला लागलेत म्हणालास.

मी तुझ्यावर रागावू शकले असते. तुझ्याकडे खरं होतं आणि तू माझ्या खोट्यावर निवेदन लिहिलंस. पण तू म्हणालास, तुला ते खोटं वाटलंच नव्हतं.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. वादळानंतर लगेच तू मला सांगितलं असतंस तर? मी सुट्टी काढून आले असते. आपण दोघं वरच्या धारेपर्यंत गेलो असतो, टेकडीमागचा तो दुसरा ओढा बघितला असता, जिथे तू एकट्याने कधी पोचू शकला नाहीस. पाण्यातल्या अळ्या शोधल्या असत्या, पडलेली झाडं माणसं लावून हलवली असती. तेव्हा तीन-चार जरी उरल्या असतील तर काहीतरी करता आलं असतं. नसतंही. पण आपण दोघं तिथे असतो. ती संपत होती त्या दोन वर्षांत तू तिकडे एकटा पानं उलटत होतास आणि मी इकडे तुझं नाव निघालं की विषय बदलत होते. एका फोनचं काम होतं रे. तू केला नाहीस, मी केला नाही, आणि आई म्हणत राहिली, त्याला वेळ नसेल.

तिला फोन दिला तेव्हा ती तुला काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले तर ती फोनवर हसत होती, पलीकडे बहुतेक प्रांजल होती. “आजी म्हन, आजी,” चाललं होतं.

मेमध्ये आम्ही दोघी येतोय. आई बोटीत बसायला घाबरते, तरी तयार आहे. बंधारा तोवर किती झाला असेल माहीत नाही. टेकडीमागचा ओढा मात्र त्यात जात नाही, मी नकाशा बघितला. तिथे काही असेल असं मी म्हणत नाहीये. तुला पुन्हा आशा लावायला मी येत नाही, एवढं समज. नुसतं बघायचं, आणि जे असेल ते लिहायचं, नसेल तर नाही असं लिहायचं.

फोन ठेवता ठेवता तू सहज विचारलंस, “यंदा मुलुंडला तुझे चतुर किती आले?”

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते येतात, मैदानांवर, गच्च्यांवर, सगळीकडे, आणि इतके येतात की कोण मोजतं? आधी आपण मोजायचो. मग मी एकटी मोजायची. मग कधीतरी बंद झालं, कधी ते मला सांगताही येणार नाही.

“बघितलं नाही रे,” म्हणाले. “या वर्षी बघितलंच नाही.”

“गेल्या वर्षी?”

“गेल्या वर्षीपण नाही.”

“बघत जा गं,” म्हणालास.

ताई